आठवा दिवस



गुरुचरित्राचा सप्ताह म्हणजे कामाच्या आखणीचा उत्तम पाठ. ५३ अध्याय सात दिवसांत वाचायचे, पण वाटणी सारखी नाही. पहिल्या दिवशी ९ पर्यंत, दुसऱ्या दिवशी २१, मग २९, ३५, ३८, ४३ आणि शेवटी ५३. पाचव्या दिवशी तीनच अध्याय, कारण ३६ आणि ३७ हे आचारधर्माचे अध्याय मोठे. काम किती ते पाहून वाटून घ्यावं आणि मध्ये खंड पडू देऊ नये. संसारात एवढं पाळलं तरी पुष्कळ कामं तडीस जातात.

पण यश मिळाल्यावर काय? त्याचं उत्तरही पोथीतच आहे. मला ते उशिरा उमगलं.

पहिल्या दिवशीचं वाचन थांबतं तो नववा अध्याय रजकाचा, म्हणजे परिटाचा. कुरवपुरास तो रोज श्रीपाद श्रीवल्लभांना नमस्कार करी. नदीत राजाचा थाट पाहून त्याला राज्यसुखाची इच्छा झाली. स्वामींनी पुढच्या जन्मी राज्य दिलं. त्याने सोबत आणखी एक मागितलं, ‘तेव्हाही आपलं दर्शन व्हावं.’ शेवटच्या दिवशी, पन्नासाव्या अध्यायात, तो बिदरचा राजा होऊन भेटतो. सगळं वैभव आहे, पण मांडीवरच्या फोडाने हैराण. गाणगापुरास आला तेव्हा श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याला रजक म्हणूनच हाक मारली. त्याला मागचं सारं आठवलं. फोडही नाहीसा झाला.

मी घर बांधलं ते असाच संकल्प सोडून. जागा, पाया, स्लॅब, हप्ते, सगळं वहीत लिहिलेलं. स्लॅबच्या वेळी पैसे कमी पडले, तेव्हा धाकट्या भावाने न मागता आपली शिल्लक आणून दिली. पुढे मी पै न पै फेडली आणि म्हणालो, “झाला बाबा हिशेब पुरा.” त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. मला कारणही कळलं नाही.

शेवटच्या दिवशी घाई असते, म्हणून पन्नासावा अध्याय मी दरवर्षी भरभर वाची. एका वर्षी सावकाश वाचला आणि पोथी मिटून बसून राहिलो. मी पैसे फेडले होते. आठवण मात्र पुसून टाकली होती.

आठव्या दिवशी समाराधनेला भावाला आणि वहिनींना स्वतः जाऊन घेऊन आलो. पंगतीत सर्वांसमोर सांगितलं, “या घरावरचं छप्पर याच्यामुळे आहे.” तो एवढंच म्हणाला, “दादा, जेवणं होऊ दे आधी.” पण त्या दिवशी मुक्कामाला राहिला.

तेव्हा वाचकहो, कुठलंही काम आखताना वहीत एक पान पुढचं ठेवा. काम झाल्यावर आधी कोणाकडे जायचं, कोणाला वाटा द्यायचा, आणि आपण विसरलो तर जुन्या नावाने हाक मारणारा कोण, हे आधीच लिहा. त्या रजकाने राज्याबरोबर आपली आठवणही मागून ठेवली होती. म्हणून तो तरला.

सप्ताह सात दिवसांचा खरा, पण तो पुरा होतो आठव्या दिवशी.