ज्याकोष्टक आणि पायथॉन
काशीतील बालाजी घाट ही पेशवाईची खूण. त्याच काशीत मूळचे पुण्याचे बापूदेव शास्त्री गणिताचे अध्यापन करीत. सूर्यसिद्धान्ताचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथातील ज्यासाधनाची रीत पायथॉन या सर्वोपयोगी संगणकभाषेत मोजक्या ओळींत बसते. पहिली ज्या २२५, दुसरी ४४९, म्हणजे अंतर २२४. आता ४४९ ला २२५ ने भागून येणारा भागाकार या अंतरातून वजा करावयाचा व उरलेले ४४९ मध्ये मिळवावयाचे. वैज्ञानिक फसण्याचा संभव येथेच. एका तिरप्या रेघेचा भागाकार अपूर्णांक राखतो, आणि ग्रंथोक्त ६७१ ही ज्या मिळते. दोन रेघांचा अपूर्णांक टाकतो, आणि ६७२ येते. चौथी ज्या ८९० च्या ऐवजी ८९३. यंत्र मात्र कसलीही तक्रार करीत नाही.