नदीकाठची मंद धाव

धावणे म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे शर्यतच उभी राहते. फक्कीने आखलेल्या रेषा, शिट्टी, टाळ्या, आणि शेवटी तिघांस मिळणारी बक्षिसे! ज्यांस बक्षीस मिळत नाही, अशा शेकडो विद्यार्थ्यांचा ग्रह होतो की, धावणे हे आपले काम नव्हे. आणि शाळा सुटल्यावर त्यांतील बहुतेक जण पुन्हा कधी धावत नाहीत. ह्या लेखात आम्ही ज्या व्यायामाचा विचार करणार आहोत, तो मुख्यतः ह्या मागे राहिलेल्यांसाठीच आहे. त्यास जॉगिंग असे म्हणतात.

चालताना आपले एक तरी पाऊल सदैव जमिनीवर असते. धावताना मात्र दर पावलागणिक क्षणभर दोन्ही पाय अधांतरी असतात. जॉगिंग हे धावणेच होय. परंतु त्याची गती इतकी मंद ठेवावयाची की, शेजारच्या सोबत्याशी सहज बोलता यावे. बोलताना शब्द तुटू लागले, तर गती अधिक झाली असे समजावे. ही कसोटी विद्यार्थ्यास व त्याच्या आजोबांस सारखीच लागू पडते, आणि तिला घड्याळही लागत नाही.

ह्या व्यायामाचा इतिहास मनोरंजक आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी आर्थर लिडियार्ड नावाचे गृहस्थ जोड्यांच्या कारखान्यात काम करीत व फावल्या वेळी धावपटूंस शिकवीत. 1960 साली रोमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांचे शिष्य पीटर स्नेल ह्यांनी 800 मीटरांची व मरे हॅलबर्ग ह्यांनी 5000 मीटरांची शर्यत एकाच दिवशी जिंकली. ह्यांपैकी हॅलबर्ग ह्यांचा डावा हात तरुणपणी खेळातील दुखापतीने अधू झालेला होता. लिडियार्ड ह्यांच्या शिकवणीचे मर्म असे की, वेगाच्या मागे लागण्यापूर्वी महिनोन्‌महिने लांबवर, परंतु दमछाक न होऊ देता धावावे. हीच रीत त्यांनी प्रौढ नागरिकांस लावून दिली, आणि 1962 साली ऑकलंड येथे अशा मंद धावणाऱ्यांची एक मंडळी स्थापन झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रसिद्ध क्रीडाशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून आले. त्यांचे वय तेव्हा 51 वर्षांचे होते. लिडियार्ड ह्यांच्या मंडळीबरोबर ते धावावयास निघाले, तो थोड्याच वेळात मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या व हृदयविकारातून उठलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपली गती कमी करून त्यांस सोबत केली! जो मनुष्य जगातील उत्तम धावपटू घडवीत होता, तो स्वतः मात्र धावण्यास पारखा झाला होता. ही गोष्ट बॉवरमन ह्यांच्या मनास लागली. 1963 साली आपल्या युजीन गावी परतताच त्यांनी नागरिकांस धावण्याचे आमंत्रण दिले. काही आठवड्यांतच इतकी गर्दी लोटली की, त्यांनी तो उपक्रम तूर्त थांबविला. कारण वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्या कोणाच्या हृदयास अपाय होईल, ही भीती त्यांस वाटू लागली. पुढे वाल्डो हॅरिस नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी क्रमाक्रमाने वाढणारा पाठ तयार केला व 1967 साली दोघांनी मिळून त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. उत्साहास आवर घालून आधी वैद्यास विचारणे, ह्यातच त्यांचे खरे शहाणपण दिसून येते.

युजीन गावातून विलॅमेट नदी वाहते. तिच्या दोन्ही तीरांनी मैलोगणती पक्का, सपाट मार्ग बांधलेला असून पादचाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी नदीवर स्वतंत्र पूल आहेत. त्या प्रदेशात हिवाळाभर पाऊस पडतो. तरीही ह्या मार्गावर चिखल होत नाही, म्हणून माणसांचा नेम चुकत नाही. मोटारींचे भय नाही, चढउतार फारसा नाही. लहान मुलांच्या गाड्या ढकलणाऱ्या माता, काठी टेकीत चालणारे वृद्ध व धावणारे तरुण, सर्वांस तो सारखाच उपयोगी पडतो.

परंतु पक्क्या मार्गास एक दोषही आहे. धावताना दर पावलास शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पायावर येतो, आणि एका मैलात दीड हजारांहून अधिक पावले पडतात. मातीच्या वाटेवर प्रत्येक पाऊल थोडे निराळे पडते. सपाट काँक्रीटवर मात्र तोच भार त्याच जागी पुनःपुन्हा येतो. निसर्गाने पायांस कठीण जमिनीशी जुळवून घेण्याची शक्ती दिलेली आहे, हे खरे. पण त्यास अवधी लागतो. हृदय, फुप्फुसे व स्नायू काही आठवड्यांत तरतरीत होतात. अस्थी व स्नायुबंध ह्यांस मात्र कित्येक महिने लागतात. नवशिक्यास श्वास पुरू लागला म्हणजे वाटते, आता दुप्पट धावावे. आणि नेमक्या त्याच वेळी त्याची नडगी दुखू लागते. दम आला म्हणून पाय तयार झाले असे नव्हे, हे ध्यानात धरावे.

ह्याच गावचा नामांकित धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेन ह्यास युरोपातील मऊ वाटा फार आवडल्या होत्या व तशी वाट आपल्या गावीही व्हावी, अशी त्याची इच्छा होती. 1975 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो मोटार अपघातात मरण पावला. त्याच वर्षी नदीजवळच्या उद्यानात लाकडाच्या भुशाची सुमारे चार मैलांची वाट त्याच्या नावाने तयार झाली. त्यामुळे पक्की व मऊ अशा दोन्ही वाटा तेथे जवळजवळ आहेत, आणि जाणते लोक दोहोंचा आलटून पालटून उपयोग करतात.

आता आरंभ कसा करावा, ते सांगतो.

1. प्रथम एक मिनिट धावावे व दोन मिनिटे चालावे. असे वीस मिनिटे करावे. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. मधल्या दिवशी विश्रांती घ्यावी.

2. दर आठवड्यास थोडेच वाढवावे. आधी वेळ वाढवावी. वेग वाढविण्याची घाई करू नये.

3. पावले आखूड टाकावी व ती शरीराखालीच पडू द्यावी. जोडे पायास बरोबर बसणारे असावे.

4. सार्वजनिक मार्गावर आपल्या बाजूनेच धावावे, चौघांनी ओळ धरून वाट अडवू नये. ओल्या पानांवरून जपून जावे.

5. एकाच जागी दुखत राहिले तर थांबावे. ज्यांस हृदयाचा विकार, दमा अथवा अन्य जुने दुखणे आहे, त्यांनी व चाळिशी उलटलेल्या नवशिक्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नियमाने असे करणाऱ्याचे हृदय दर ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते. त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याची नाडी पूर्वीपेक्षा संथ चालते. हा लाभ पहिल्या येणाऱ्यास मिळतो, तसाच शेवटी येणाऱ्यासही मिळतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावी असा पक्का नदीकाठ नसेल, तर शाळेचे मैदान आहे, गावाबाहेरची पायवाट आहे. शर्यतीत मागे राहणाऱ्या मित्रास बरोबर घ्या व त्याला बोलता येईल अशाच गतीने धावा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलास केवळ पाठवू नका. पहिले काही दिवस त्याच्याबरोबर निदान चालावयास तरी निघा. ऑकलंडच्या त्या वृद्ध गृहस्थांनी पाहुण्यासाठी आपली गती कमी केली, तशी तुमची मुलेही तुमच्यासाठी आनंदाने करतील.