लहान मोटर आणि पिकांचा हिशोब

मालेगावच्या साध्या यंत्रमागावर इंचातले पिक, म्हणजे आडवे धागे, कमी-जास्त करायचे झाले तर कारागीर टेक-अपचे एक दातेरी चाक काढतो आणि वेगळ्या दात्यांचे बसवतो. एमरी रोलरने दर पिकला किती कापड ओढायचे, हे त्या चाकावर ठरते. नव्या मागांवर इलेक्ट्रॉनिक टेक-अप असतो. तिथे चाक नव्हे, आकडा बदलतात. ही करामत समजून घ्यायला महागडा माग लागत नाही. खेळण्यातली स्टेपर मोटर आणि एक चिप पुरे. मुलांना सुट्टीत करायला द्यावे व आपणही शेजारी बसावे.

साधी मोटर वीज मिळताच फिरत सुटते. स्टेपर मोजून पावले टाकते. बाजारात २८बीवायजे-४८ नावाची ५ व्होल्टची स्वस्त मोटर मिळते. तिची लाल तार ५ व्होल्टला जोडायची. बाकीच्या तारांना जोडीजोडीने वीज द्यायची: निळी-गुलाबी, गुलाबी-पिवळी, पिवळी-नारिंगी, नारिंगी-निळी. क्रम उलटा केला की मोटर उलटी फिरते. आतल्या गिअरमुळे बाहेरच्या दांड्याची एक फेरी सुमारे २०४८ पावलांत होते. दोन पावलांत दोन मिलीसेकंदांहून कमी वेळ ठेवला तर ती नुसती गुणगुणते.

हुकूम देणारी चिप एमएसपी४३० घ्यावी. तिची खुराक फार थोडी: काम करताना पाव मिलीअँपिअरच्या आसपास, झोपेत एका मायक्रोअँपिअरहूनही कमी. मोटर मात्र दीडशे-दोनशे मिलीअँपिअर खाते. आमच्या भाच्याने मोटर थेट चिपच्या पायांना जोडली आणि चिप गमावली. मधे यूएलएन२००३ हवाच. मोटरचा भार तो उचलतो. दोन्हींची ऋण तार एक असावी. मोटर थांबली की चारही तारांची वीज बंद करावी, नाहीतर ती उभ्या उभ्या बॅटरी संपवते. हलका रोलर गिअरमुळे जागीच राहतो.

आता हिशोब. रोलरचा घेर ४ इंच धरा. २०४८ ला ४ ने भागले की इंचाला ५१२ पावले. इंचात ६४ पिक हवे असतील तर दर पिकला बरोबर ८ पावले. पण ६० पिक हवे असतील तर ८.५३ येतात, आणि वरच्या जोडीजोडीच्या क्रमाने अर्धे पाऊल मोटर टाकत नाही. अपूर्णांक सोडून दर वेळी ८ च टाकली तर कापड ६४ पिकचेच निघेल आणि सूत जास्त जाईल. म्हणून चिपने उरलेली बाकी पुढच्या पिकच्या खात्यात ओढावी: कधी ८, कधी ९. आपण वहीत मागील बाकी ओढतो, तसेच.

एक गोष्ट मात्र चिपला कळत नाही. तिने पाऊल सांगितले, पण मोटरने टाकले का, हे ती पाहत नाही. शिवाय यातल्या अनेक मोटरींचा गिअर पुरता ६४ पट नसून ६३.६८ पट असतो, म्हणजे फेरी सुमारे २०३८ पावलांची. दांड्याला काडी चिकटवा आणि २०४८ च्या हिशोबाने १०० फेऱ्या मारा, सात मिनिटे लागतील. काडी अर्धी फेरी पुढे गेलेली दिसेल. तेवढे कापड जास्त ओढले गेले, पिक विरळ पडले. मग प्रोग्राममध्ये २०३८ लिहून पुन्हा १०० फेऱ्या मारून बघा.