तीन महिन्यांची शुगर, पंधरा दिवसांची शुगर

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढण्यात आणि रिपोर्ट टाइप करण्यात माझी सगळी नोकरी सरली. मी डॉक्टर नव्हे, टेक्निशियन. औषध कोणतं घ्यावं ते मला विचारू नका. आकडा कुठून येतो, तेवढं सांगू शकते.

१. ‘तीन महिन्यांच्या’ आणि ‘पंधरा दिवसांच्या’ शुगरच्या तपासण्या साखर मोजत नाहीत, साखर चिकटलेलं प्रथिन मोजतात. एचबीए१सीमध्ये ते प्रथिन म्हणजे तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही ‘तीन महिन्यांची शुगर’. फ्रुक्टोसामिनमध्ये साखर रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली असते, मुख्यतः अल्ब्युमिनला. अल्ब्युमिन फार लवकर बदलतं, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन आठवड्यांचंच सांगतो, म्हणून ही ‘पंधरा दिवसांची शुगर’. ग्लायकेटेड अल्ब्युमिन हा त्याचाच भाऊ, फक्त तो टक्क्यांत येतो. यातल्या कशालाही उपाशीपोटी यावं लागत नाही, तरी लोक चहा न पिता सकाळी सातपासून बाकावर बसलेले असतात.

२. हिमोग्लोबिन किती आहे ते बघितल्याशिवाय एचबीए१सी वाचू नये. आमच्याकडे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी यायच्या. हिमोग्लोबिन आठच्या आसपास आणि एचबीए१सीही आठ. घरच्या ग्लुकोमीटरवरचे आकडे मात्र तितके वाईट नव्हते. शरीरात लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्याच पेशींचा भरणा राहतो आणि साखर न वाढताही एचबीए१सी वर जातो. आमच्या लॅबच्या सरांनी तेव्हाच फ्रुक्टोसामिन करून ठेवलं. पुढे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, ताज्या पेशींचा लोंढा आला आणि एचबीए१सी उतरला. मावशी खूश. ‘कारल्याचा रस लागू पडला जी!’ फ्रुक्टोसामिन परत केलं, तर ते होतं तिथंच होतं. कारल्यानं काही केलं नव्हतं आणि साखरही हलली नव्हती, बदललं होतं ते फक्त रक्ताचं वय. बायकांच्या बाबतीत हे इतक्यांदा घडताना पाहिलं की एचबीए१सीच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत हिमोग्लोबिनही लिहिलेलं असावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

३. सिकलसेलचं कार्ड असेल तर रक्त देतानाच दाखवा. आमच्या भागात हा आजार गावोगाव आहे. एचपीएलसी मशीनच्या ग्राफवर एस हिमोग्लोबिनचा वेगळा सुळका दिसतो. नुसत्या वाहकाचा आकडा बहुतेक वेळा कामाला येतो, जरासा कमी दाखवला तरी. पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याच्या रक्तात ए हिमोग्लोबिनच नसतं, मग ए१सी कशाचा मोजणार? शिवाय त्याच्या पेशी जेमतेम दोन-तीन आठवडे जगतात. एखाद्या मशीननं आकडा छापून दिलाच तरी तो फाडून टाकण्याच्या लायकीचा. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचं आणि डायलिसिसवर असून रक्तवाढीची इंजेक्शनं घेणाऱ्याचंही तेच. अशा वेळी ग्लुकोमीटर, आणि जोडीला बहुतेकदा पंधरा दिवसांची शुगर, हाच आधार. डायलिसिसवाल्यांसाठी ग्लायकेटेड अल्ब्युमिन बरं.

४. ‘ताई, तीनशे झाली जी शुगर!’ म्हणून कितीतरी लोक रिपोर्ट हातात धरून घाबरलेले पाहिले. फ्रुक्टोसामिन मायक्रोमोलमध्ये मोजतात आणि निरोगी माणसाचंही २०० ते २८५ असतं. एकक आधी वाचा, मग घाबरा.

५. नवरात्रात नऊ दिवस उपास म्हणून साबुदाणा, भगर, बटाटा. मग दसरा, मागोमाग दिवाळीचा फराळ. एचबीए१सीमध्येही शेवटच्या महिन्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो, पण त्याआधीचे दोन महिने नीट वागलेला माणूस त्यात झाकला जातो. फ्रुक्टोसामिनमध्ये लपायला जागा नाही. उपासानं साखर वाढते हे कोणालाच पटत नाही, रिपोर्ट दाखवला तरी.

६. म्हणून काय सगळ्यांनी दर पंधरवड्याला ही तपासणी करावी? अजिबात नाही. गोळी किंवा इन्सुलिन बदललं आहे आणि तीन महिने थांबायचं नाही, ऑपरेशनची तारीख जवळ आहे, बाई गरोदर आहे (तेव्हा पेशी लवकर बदलतात आणि एचबीए१सी खोटा दिलासा देतो), किंवा वरच्यासारखी रक्ताची अडचण आहे, तेव्हाच हे पैसे कारणी लागतात. गरोदरपणात रोजच्या बोटाच्या तपासणीला मात्र पर्याय नाही. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये हे नाव दिसलं म्हणून करून घेण्यात काही अर्थ नाही.

७. फ्रुक्टोसामिनसोबत अल्ब्युमिन बघावंच. ते ३ ग्रॅमच्या खाली असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, तर आकडा विनाकारण चांगला येतो. लिव्हर थकलेलं असेल, तर त्यावर भरवसा नाही. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तरी आकडा कमी येतो. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसनंही गडबड होते. लोक त्या गोळ्या चघळत चघळत रक्त द्यायला येतात.

८. १,५-अनहायड्रोग्लुसिटॉल नावाची एक तपासणी जपानमध्ये पुष्कळ वापरतात. साखर १८०च्या वर गेली की हा पदार्थ लघवीतून निघून जातो, म्हणजे इथं कमी आकडा वाईट. पण डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीतून काढतात, त्यामुळे त्या घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही. आणि त्या गोळ्या आता घरोघर आहेत.

९. यातली एकही तपासणी साखर मध्येच फार खाली गेल्याचं सांगत नाही. जेवणानंतर २५० आणि पहाटे ५५ असले तरी सरासरी सुरेख येते. इन्सुलिन घेणाऱ्या एका काकांचं फ्रुक्टोसामिन २६० आलं, तर घरचे लॅबमध्ये पेढे घेऊन आले. सरांनी विचारलं, ‘पहाटे घाम फुटून जाग येते का?’ काकू म्हणाल्या, रोजच येते, उशी भिजते. सरांनी पेढा टेबलावर ठेवला आणि काकांच्या डॉक्टरांना फोन लावला.