उन्हाळ्यांतील शिलारोहण

दोराशिवाय मोठमोठ्या धोंड्यांवर चढण्याच्या क्रीडेस ‘बोल्डरिंग’ म्हणतात. तिच्यासाठीं उन्हाळ्याच्या सुटींत परदेशीं जावयाचें असल्यास प्रथम विचारावें : तेथें त्या वेळीं ऋतु कोणता?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. दुधनीहून आगगाडीनें रायचूरकडे निघा. आपला काळा बसाल्ट मागें पडतो, शहाबादेस फरशीचा चुनखडक लागतो, आणि पुढें ग्रॅनाइटचे धोंडे दिसूं लागतात. हंपीचे प्रसिद्ध धोंडेहि ग्रॅनाइटचेच. परंतु तेथील हंगाम हिवाळ्याचा. वैशाखांत खडक तापतो, तळहातास घाम सुटतो व पकड निसटते.

दक्षिण गोलार्धांत ऋतु उलट असतात. दक्षिण आफ्रिकेंतील सीडरबर्ग पर्वतांत रॉकलँड्स येथें वालुकाश्माचे धोंडे असून, जून ते ऑगस्ट हा तेथील हिवाळा चढाईस उत्तम. म्हणून सुटीच्या प्रारंभीं न जातां मेअखेर निघावें. फ्रान्समधील फाँतेनब्लो येथेंहि वालुकाश्मच आहे. तेथें मात्र वसंत व शरद् हेच ऋतु बरे.

पारपत्र, व्हिसा, चढाईचा परवाना व विमा यांची तजवीज आधींच करावी. धोंड्याखालीं जाड गादी हवी आणि पडणाऱ्यास सांवरणारा सावध सोबती हवा. पाऊस पडल्यास मात्र, कितीहि दुरून आलों असलों तरी, खडक आंतून सुकेपर्यंत थांबावें. ओला वालुकाश्म ठिसूळ होतो. उतावीळपणानें मोडलेली कड पुन्हां उगवत नाहीं, आणि मागून येणाऱ्याचा मार्ग कायमचा हिरावला जातो.