निरोप : शब्दाचे निर्वचन

'निरोप' हा शब्द मराठी घरात रोज कानी पडतो. शेजारच्या मुलाजवळ निरोप सांगितला जातो, गावी जाणाऱ्याबरोबर निरोप धाडला जातो, मालक घरी नसल्यास निरोप ठेवला जातो. आणि आलेला पाहुणा उंबरठ्याशी उभा राहून निरोप घेतो. पहिल्या तीन ठिकाणी निरोप म्हणजे दुसऱ्याच्या मुखाने पोचविलेले वचन होय. शेवटच्या ठिकाणी वचन पोचविण्याचा काही संबंध दिसत नाही. तेथे निरोप म्हणजे निघण्याची घडी, वियोग. एकाच शब्दाला हे दोन अर्थ का असावेत, हा प्रश्न नित्याच्या व्यवहारात कोणी विचारीत नाही, कारण व्यवहार त्यावाचून अडत नाही. पोथी उघडून बसलेल्या अभ्यासकाचे मात्र अडते. जुन्या ग्रंथांत हा शब्द आणि त्याचे धातुरूप पावलोपावली भेटते, आणि आजचा अर्थ मनात धरून वाचले तर आज्ञा ही नुसती वार्ता होते आणि अनुज्ञा ही नुसती ताटातूट होते.

प्रथम मूळ पाहू. 'रूप' या नामावरून संस्कृतात 'रूपयति' हे क्रियापद झाले. आकार देणे, दाखविणे, पाहणे हा त्याचा अर्थ. त्याला 'नि' हा उपसर्ग लागून 'निरूपयति' म्हणजे नीट न्याहाळणे, निश्चय करणे, निश्चयपूर्वक सांगणे असे अर्थ सिद्ध झाले. 'निरूपण' हा शब्द त्यावरूनच आला. एखादी वस्तू अस्पष्ट असते, तिला शब्दांनी आकार देऊन श्रोत्याच्या बुद्धीपुढे उभी करणे हे निरूपणाचे कार्य. न्यायशास्त्रात 'निरूपक' व 'निरूपित' अशी जोडी येते. तीही एका पदार्थाच्या योगाने दुसऱ्याचे स्वरूप निश्चित होते हेच सांगते.

येथे एक घोटाळा दूर करणे जरूर आहे. 'निरूपण' म्हणजे 'रूप निघून जाणे', वस्तूचे रूप बाजूला सारून आतील तत्त्व दाखविणे, अशी फोड प्रवचनांत कधी कधी ऐकू येते. ऐकण्यास ती गोड वाटते, परंतु व्याकरणास मान्य होणारी नाही. 'निर्' या उपसर्गापुढे रकार आला म्हणजे उपसर्गाचा रकार लोप पावतो आणि आधीचा इकार दीर्घ होतो. म्हणून नीरस, नीरव, नीरोग अशी रूपे होतात. रूपरहित या अर्थी संस्कृत शब्द 'नीरूप' असा दीर्घ आहे. 'निरूपण' यातील इकार ऱ्हस्व आहे, तेव्हा येथे उपसर्ग 'नि' हाच मानला पाहिजे. मराठीत आपण 'निरोगी' असे ऱ्हस्व लिहितो, त्यामुळे हा भेद कानाला कळेनासा झाला आहे, एवढेच. दुसरी एक फोड 'रोप' या शब्दावरून करतात : रोप उपटले म्हणजे निरोप, माणूस स्थानापासून निघाला म्हणजे निरोप. ही तर केवळ नादावर रचलेली कल्पना आहे. तिने वियोगाचा अर्थ कसाबसा लागतो. संदेशाचा अर्थ मुळीच लागत नाही. ज्या निर्वचनाने शब्दाचा अर्धाच व्यवहार उलगडतो ते टाकून द्यावे.

'निरूप'चे 'निरोप' कसे झाले? ऊकाराचा ओकार होणे हे प्राकृताला नवे नाही. ताम्बूलाचे तांबोळ झाले आणि ते विकणारा तांबोळी झाला. मूल्याचे मोल झाले, कूर्पराचे कोपर झाले. यांपैकी शेवटच्या दोहोंत ऊकारापुढे जोडाक्षर आहे, म्हणून ते दाखले काटेकोर म्हणता येत नाहीत. तांबोळाचा दाखला अधिक जवळचा आहे. जुन्या मराठीत 'निरूपिणे' व 'निरोपिणे' अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्या अर्थांत भिंत नसते. पुढे वाटणी झाली. विद्वत्सभेत, प्रवचनात आणि ग्रंथात 'निरूपण' राहिले. दासबोधातील अनेक समासांच्या नावांत ते आहे, नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगालाही निरूपण म्हणतात. ओकाराचे रूप घरात आणि वाटेवर वावरले, आणि त्याचा 'निरोप' झाला. थोर घराण्यातील दोन भाऊ, एक मठात राहिला आणि एक शेतावर गेला, अशी ही गोष्ट आहे. चेहरेपट्टी अजून जुळते.

दक्षिणेकडील भाषांनी हा शब्द घेतला, आणि त्यांनी जो अर्थ सांभाळला तो मराठीच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडतो. कन्नडात 'निरूप' म्हणजे आज्ञा, विशेषेकरून राजाची आज्ञा. विजयनगरच्या काळातील कन्नड शिलालेखांत राजाच्या निरूपाने अमुक दान दिले, अमुक कर सोडला, अशा अर्थाचे उल्लेख येतात. देवगिरीच्या यादवांचे लेख मराठीत आहेत तसे कन्नडातही पुष्कळ आहेत. या दोन भाषा त्या काळी एकाच राज्यात शेजारी होत्या, हे येथे विसरू नये. तमिळमध्ये हाच शब्द 'निरुबम्' असा उच्चारला जातो; लेखी आज्ञा आणि पत्र हे त्याचे अर्थ. तमिळ ख्रिस्ती ग्रंथात पौलाच्या पत्रांना हेच नाव आहे, आणि आजच्या तमिळ वृत्तपत्राच्या बातमीदाराला 'निरुबर्' म्हणतात. राजाच्या मुखातून निघालेले वचन, मग ते लिहून पाठविलेले पत्र, मग पत्र लिहिणारा, आणि शेवटी बातमी लिहिणारा : असा त्या शब्दाचा प्रवास झालेला दिसतो. कोकणीने मात्र मराठीप्रमाणेच 'निरोप' हे रूप राखले, आणि संदेश हा अर्थही.

आता मराठीकडे परत येता गाठ सुटते. जुन्या मराठीत निरोप हा शब्द आज्ञा, अनुज्ञा आणि संदेश या तिन्ही अर्थांनी येतो. निश्चयपूर्वक सांगितलेले वचन थोराच्या मुखातून निघाले म्हणजे ती आज्ञा होते. तेच वचन जो समक्ष नाही त्याच्याकडे कोणी घेऊन गेला म्हणजे तो संदेश होतो. आणि निघू इच्छिणाऱ्याला थोराने 'जा' म्हटले म्हणजे तीच अनुज्ञा होते. तेव्हा 'निरोप घेणे' याचा मूळ अर्थ दुःखाने दूर होणे असा नाही. निघण्यासाठी ज्येष्ठाचे वचन घेणे हा आहे. म्हणूनच जाणारा निरोप 'घेतो' आणि राहणारा निरोप 'देतो'. वियोग हा जर शब्दाचा मूळ अर्थ असता तर घेणे व देणे या क्रियापदांना येथे काही काम उरले नसते.

संमतीचा शब्द निघण्याचा शब्द व्हावा, ही रीत एकट्या मराठीची नव्हे. संस्कृतात 'आपृच्छ्' म्हणजे विचारणे, आणि त्याचाच अर्थ जाण्याची परवानगी मागणे, निरोप घेणे. 'आमन्त्र्' या धातूने बोलावणेही होते आणि निरोप घेऊन निघणेही होते. आज 'आमंत्रण' म्हटले की फक्त बोलावणेच आठवते. अरबीत 'रिझा' म्हणजे संमती, प्रसन्नता. तिची मराठीत 'रजा' झाली आणि 'रजा घेतो' म्हणजे निघतो असा अर्थ रूढ झाला. शाळेतील मुलाला रजा म्हणजे सुट्टी वाटते, पण रजेचा अर्ज वरिष्ठाकडेच करावा लागतो, इतका तरी मूळ अर्थ त्यात शिल्लक आहे. 'आज्ञा असावी' म्हणून उठणारे वृद्ध अजून भेटतात. याउलट हिंदीने निघण्यासाठी 'विदा' हा अरबी शब्द घेतला. त्याच्याशी नाते असलेली 'बिदागी' मराठीतही आहे, परंतु ती निघताना हाती पडणाऱ्या द्रव्यापुरतीच राहिली.

पंथाच्या ग्रंथांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे धातूचे वजन ध्यानी येते. स्मृतिस्थळातील प्रसंग सर्व साधनवंतांना ठाऊक आहे. केशिराज पंडित संस्कृतात प्रश्न करतात, तेव्हा आचार्य श्रीनागदेव ती भाषा आपण जाणत नाही असे सांगून आपल्याला श्रीचक्रधरांनी मराठी सांगितली आहे, तिच्यातच विचारावे, असे म्हणतात. त्या ठिकाणी सांगण्यासाठी जे क्रियापद योजले आहे ते 'निरूपिणे' हेच आहे, आणि त्याचे कर्म मराठी हे आहे. मराठीत काही निरूपिले असे तेथे नाही, मराठीच निरूपिली. हे वाक्य भाषाभिमानाचे म्हणून सभासंमेलनांतून पुष्कळ वेळा उद्धृत होते. त्यातील क्रियापदाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. 'बोलली' किंवा 'शिकविली' असे क्रियापद असते तर तो आवडीनिवडीचा प्रश्न झाला असता. 'निरूपिली' या रूपात आज्ञेचा अंश ऐकू येतो : जे ज्या स्वरूपात सोपविले ते त्याच स्वरूपात धरून ठेवणे आहे. पुढे केशिराज सूत्रे संस्कृतात आणू पाहतात, तेव्हा आचार्य त्यांना थांबवितात. तसे केल्यास आपल्या वृद्ध बाया या वचनांना मुकतील, हे कारण ते देतात. निरोप ज्याच्यासाठी सांगितला त्याच्यापर्यंत तो पोचला पाहिजे, हा येथील विचार आहे. केशिराज स्वतः संस्कृतात उत्तम रचना करणारे होते. त्यांनी आपली विद्या आवरली आणि सूत्रे व दृष्टांत मराठीत राहिले; दृष्टांतपाठाचे एकशे चौदा दृष्टांत आज कोणाही वासनिकाला टीकेवाचून पुष्कळसे समजतात, ते त्यामुळे.

तिन्ही अर्थ एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील तर सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनाचा प्रसंग पाहावा. त्या वेळी भक्तजनांना श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी ऋद्धिपुरास राहण्याचे सांगणे झाले. हे सांगणे आज्ञा आहे, कारण त्याप्रमाणे वर्तन झाले. नागदेवाचार्य आणि इतर मंडळी ऋद्धिपुरास येऊन राहिली. ते संदेशही आहे, कारण जे त्या घडीला समक्ष नव्हते त्यांना ते दुसऱ्यांकडून कळले. आणि ती ताटातूटही आहे. आजचा वाचक या तिसऱ्या अर्थापाशी थांबतो, त्याचे डोळे भरून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पंथ पुढे चालला तो पहिल्या दोन अर्थांमुळे. नुसता वियोगच घडला असता तर मंडळी पांगली असती.

निरोप म्हटला की निरोप्या आला. निरोप्याचे काम वरवर सोपे दिसते. ऐकावे आणि सांगावे. ज्याने एकदा तरी लांबचा निरोप नेला आहे त्याला ठाऊक आहे की वाटेत शब्द झिजतात, आणि झिजलेल्या जागी वाहणाऱ्याचे स्वतःचे शब्द भरले जातात. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध करताना हे ओळखले होते. ज्यांच्या समक्ष लीळा घडली त्यांना ते गावोगाव जाऊन पुसत होते, आणि नागदेवाचार्यांच्या स्मरणाने ते पारखून घेत होते. पुढे पोथ्या धाडीत नष्ट झाल्या आणि स्मरणाच्या आधारे पुन्हा लिहाव्या लागल्या. तेव्हा एकाचे स्मरण दुसऱ्याशी जुळेना. अशा वेळी सोपा मार्ग कोणता? सर्व पाठ एकत्र करून एक गुळगुळीत पाठ तयार करणे. पूर्वजांनी तसे केले नाही. एकेकाच्या स्मरणातील पाठाला त्यांनी 'वासना' म्हटले, निरनिराळ्या महंतांच्या पाठांना 'शोधु' म्हणून त्यांच्या नावाने नोंदविले, आणि हिराइसेचा पाठ असा, रामेश्वरबासांचा असा, हे पोथीतच राहू दिले. पाठभेदांमुळे वाचन अडखळते, अशी तक्रार नवशिका अभ्यासक करतो. त्याने हे ध्यानी घ्यावे की 'शोधु' हा निरोप्याच्या प्रामाणिकपणाचा लेखी पुरावा आहे. ज्याला जेवढे आठवले तेवढेच त्याच्या नावे लिहिले गेले; मुळातले वचन आणि वाहणाऱ्याचे स्मरण यांची सरमिसळ होऊ दिली नाही.

या शब्दाचे निर्वचन आचारालाही स्पर्श करते, ते असे. पोथीत एखाद्या भक्ताने निरोप घेतला असे वाचताना निघण्यापूर्वी त्याने कोणाचे वचन मागितले, ते मिळाले किंवा नाही, आणि त्यात काही अट होती काय, हे पाहिले पाहिजे. अटनास निघणारा ज्येष्ठांना पुसून निघतो, ती रीत याच अर्थाची आहे. तसेच कोणी निरोप आणला असे वाचताना, आणणाऱ्याची योग्यता न पाहता पाठविणाऱ्याची पाहावी. वचन सेवकाच्या मुखातून आले म्हणून हलके होत नाही.

आजच्या व्यवहारात आज्ञेचा अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या हाताखालची माणसे निरोप-समारंभात निरोप देतात. जुन्या अर्थाने पाहिले तर कनिष्ठांनी वरिष्ठाला जाण्याची अनुज्ञा दिली असा त्याचा अर्थ होईल. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे गणरायाला निरोप दिल्याचे छापतात. तेथे तर देवालाच भक्ताची परवानगी लागली. यात कोणाची चूक काढण्याचे कारण नाही. शब्दातील लहानथोरपणा गळून गेला आणि प्रेम तेवढे उरले, असे होतच असते. तरी एक जुनी खूण घराघरांत टिकून आहे. मराठी माणूस उठताना 'मी जातो' असे सहसा म्हणत नाही. तो दाराशी थांबतो, वडीलधाऱ्यांकडे पाहतो आणि 'येऊ का?' असे विचारतो. हा प्रश्न आहे, आणि आतून 'या' असे उत्तर येईपर्यंत त्याचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही.