नांगर दोन वर्षं विकला गेला नाही, तेव्हा... (लक्ष्मणराव किर्लोस्कर : दुकानदार, कारागीर, घरचा माणूस)

गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पहिल्या शंभर गिऱ्हाइकांबद्दल बोललो. खाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, माल चांगला आहे, पण लोक घेतच नाहीत, किती दिवस थांबायचं?" व्हिडिओत उत्तर द्यायला वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्यासमोर येतो तो मोठा उद्योगपती, पुतळा झालेला. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं, तो माणूस. आपल्या कामाचा आहे तो त्याच्या आधीचा लक्ष्मणराव. बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान चालवणारा, हाताला ग्रीस लागलेला, बायकापोरांचा संसार ओढणारा. गारगोटी, कडगाव, पाटगाव भागात जो माणूस आज फॅब्रिकेशनचं शेड टाकायचा विचार करतोय, त्याच्या जवळचा हा माणूस आहे.

20 जून 1869 ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी त्यांचा जन्म झाला. चित्रकलेची ओढ होती म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला यापेक्षा वाईट बातमी कुठली? रंग गेले, पण रेषा राहिली. ते यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. आपले बरेच पोरं डिप्लोमा अर्धवट राहिला की सगळंच गेलं म्हणून बसतात. त्यांनी एवढं तरी बघावं की हातात काय उरलंय.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला. इथे एक गोष्ट लोक सांगतच नाहीत. राजीनामा दिला त्या दिवशी ते रिकामे नव्हते. 1888 पासून थोरले भाऊ रामूअण्णा बेळगावात सायकलचं दुकान बघत होते. लक्ष्मणराव मुंबईहून माल बघून पाठवायचे, रामूअण्णा गिऱ्हाईक सांभाळायचे. सायकल तेव्हा श्रीमंतांची वस्तू होती आणि ती चालवायला शिकवायचे 15 रुपये वेगळे घेतले जायचे. वस्तू विकायची आणि ती वापरायला शिकवायचेही पैसे घ्यायचे! आज ड्रोन फवारणीवाला किंवा ठिबक बसवणारा नेमका हाच धंदा करतो, फक्त बरेच जण शिकवणं फुकट वाटतात. मला विचाराल तर ते चूक आहे. फुकट शिकवलेलं माणूस मन लावून शिकत नाही, आणि मशीन बिघडलं की शिव्या तुम्हालाच.

दुकानाच्या जोडीला त्यांनी छोटा वर्कशॉप टाकला. कामाबरोबर परदेशी यांत्रिकी मासिकं वाचायची सवय होती. आधी कडबा कापायची यंत्रं केली, आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नांगर तयार झाला, चांगला होता, आणि विकला जाईना. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. आपण हे ऐकून हसतो आणि "अडाणी लोक" म्हणून पुढे जातो. थोडं थांबा. त्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघा.

त्याचा लाकडी नांगर गावचा सुतार करायचा. सुतार बलुतेदार. सुगी झाली की धान्य द्यायचं, रोख पैसा लागत नाही. नांगर मोडला तर सुतार वेशीच्या आत आहे, सांजेपर्यंत दुरुस्त. हा लोखंडी नांगर मात्र रोखीत घ्यायचा. वजनानं जड, खोल जाणारा, म्हणजे बैल जास्त लागणार. फाळ झिजला तर बेळगाव गाठायचं. वर आपल्याच सुताराला दुखवायचं, त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. जमीन विषारी होते हे तोंडावर सांगायचं कारण झालं, पोटातलं कारण "फसलो तर कोण निस्तरणार?" हे असणार, असं मला वाटतं. गिऱ्हाईक पहिलं कारण सांगतो ते क्वचितच खरं कारण असतं. तुमचं मसाल्याचं पाकीट "महाग आहे" म्हणून परत ठेवणारी बाई दुसऱ्या दुकानात त्याहून महाग पाकीट घेते, हे तुम्हीही पाहिलंय.

यावर इलाज भाषणानं होत नाही. शेतात नांगर चालवून दाखवावा लागतो, पीक आल्यावर शेजारच्यानं बांधावरून बघावं लागतं. आणि हंगाम वर्षातून एकदाच येतो. म्हणून दोन वर्षं. आळशीपणामुळे नव्हे, शेतीचं कॅलेंडरच तसं आहे. तुम्ही शेतकऱ्याला काही विकणार असाल तर "तीन महिन्यांत बघू" हा हिशोब चालत नाही.

मग दोन वर्षं चूल कशी पेटली? नांगर हा एकटाच माल नव्हता. कडबा कापायची यंत्रं आधीपासून होती. ही गोष्ट वहीत लिहून ठेवा. नवीन माल ओळख मिळवत असतो तेव्हा जुना माल घर चालवतो. समजा तुम्ही कडबाकुट्टी मशीन करताय, एकाला 18 हजार खर्च. सुरुवातीलाच सहा करून ठेवली तर 1 लाख 8 हजार शेडमध्ये उभे राहिले. बँकेचा हप्ता त्यांना विचारून येत नाही. घरखर्च महिन्याला 15 हजार धरा, वर्षाचे 1 लाख 80 हजार. हे पैसे दुरुस्तीच्या कामातून, वेल्डिंगच्या किरकोळ कामातून, ग्रिल-गेटमधून येणार असतील तरच नव्या मशीनच्या नादी लागा. एक मशीन करा, ते ट्रायलला फिरवा, बाकीचं लोखंड दुकानदाराकडेच राहू दे.

(पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल रोज विचारलं जातं म्हणून इथेच सांगतो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, 18 पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत, लोहार-सुतार दोन्ही. टूलकिटसाठी 15 हजारांपर्यंत, आणि 5 टक्के व्याजानं पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, 18 महिन्यांत फेडायचं. आता 18 महिने आणि वरची दोन वर्षं शेजारी मांडा. नव्या मालासाठी हे पूर्ण कर्ज उचललं तर माल खपायच्या आधी फेड संपवायची वेळ येईल. चालू कामाची हत्यारं घ्यायला मात्र उत्तम.)

नांगराला मागणी येऊ लागली, आणि तेवढ्यात दुसरा घाव बसला. बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी वर्कशॉपची जागा हवी होती. जागा सोडा, एवढंच. चाळिशीचा माणूस, पदरी कुटुंब, कामगार, अवजड यंत्रं. त्यातल्या त्यात एक बरं होतं, त्यांनी औंध संस्थानात एका बांधकामाचं काम घेतलं होतं आणि तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांचं काम ओळखून होते. राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जागा आणि 10 हजारांचं कर्ज देऊ केलं. ओळख कामातून झालेली होती, म्हणून उपयोगी पडली.

जागा कसली, माळ. निवडुंग आणि नाग. 1910 च्या मार्चमध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची घरं तिथे आली. थोरल्या शंतनूला अजून सात पूर्ण व्हायची होती. पत्नी राधाबाईंनी अशा माळावर संसार मांडला. पुरुषाच्या धाडसाच्या गोष्टीत ही ओळ सगळे घाईत वाचतात. वर्कशॉपमध्ये शिकायला येणाऱ्यांना मी आधी विचारतो, घरात सांगितलंय का? नवऱ्याचा धंदा म्हणजे बायकोच्या डब्यातले पैसे, ती हो म्हणाली पाहिजे, आणि आकडे बघून हो म्हणाली पाहिजे.

माणसं निवडतानाही त्यांची नजर वेगळी होती. शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर, शंभूराव जांभेकर, हिशोब सांभाळणारे मंगेशराव रेगे, ही मंडळी डिग्री बघून घेतलेली नव्हती. शिक्षा भोगून आलेल्यांना राखणदार नेमलं. वस्तीत शिवाशिव पाळायची नाही हा नियम त्या काळात केला, हे नांगरापेक्षा अवघड होतं असं मी म्हणेन.

पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. आपल्याकडे पन्हाळ्याला जाणाऱ्या पोरांना तोफा माहीत असतात, ही गोष्ट माहीत नसते.

1920 ला किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. पोरगा शंतनू अमेरिकेत एमआयटीत शिकून आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. किर्लोस्करवाडी आता सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. रेल्वेनं मिरजेहून पुण्याकडे जाताना स्टेशन लागतं, तिथे उतरून एकदा गाव फिरून या.

या आठवड्याचं काम : तुमच्या मालाला "नको" म्हणालेल्या पाच गिऱ्हाइकांकडे परत जा. विकायला जाऊ नका. "बिघडलं तर काय कराल, असं वाटलं का?" एवढंच विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. वही पुढच्या रविवारी गारगोटीच्या बॅचला घेऊन या, ऑनलाइनवाल्यांनी फोटो पाठवा. तिथून पुढे आपण सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा दर कसा ठरवायचा ते बघू.